मुलासाठी मजला बांधण्याआधी मुलाला विचारा

पुण्यातल्या सहकारनगरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. सासऱ्यांनी १९७१ साली बांधलेला बैठा, लोडबेअरिंग (म्हणजे सगळा भार भिंतींवरच पेलणारा) बंगला. दोन पावसाळे स्वयंपाकघराचा स्लॅब गळतोय, पोपडे पडून सळ्या दिसू लागल्यात. यजमानांना तो पाडून तीन मजले बांधायचेत, 'एक मजला मुलाला' म्हणून. मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे. या भगिनींना मात्र दुरुस्ती करून राहायचंय. ८१ वर्षांच्या सासूबाई हा विषय निघाला की उठून जातात. घर अजून दिवंगत सासऱ्यांच्याच नावावर आहे. नणंद ठाण्याला. "नव्या घराला मी नाही म्हणते, म्हणजे माझंच चुकतंय का?" असं त्या विचारतात.

ताई,

आधी स्वयंपाकघराचं बोलते, कारण ते थांबणार नाही. सळ्या दिसतात म्हणजे लोखंड गंजलंय. गंजताना ते फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. वरून नुसता गिलावा मारला तर आत गंज चालूच राहतो. त्या जागेखाली सासूबाई बसत असतील तर त्यांची खुर्ची आजच हलवा.

मग स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आणि तोही असा, की ज्याला पुढे तुमच्या घराचं काम मिळणार नाही. ठेकेदाराला विचाराल तर तो त्याला जमणारं काम सांगेल, बिल्डर पाडायलाच सांगेल. ३० वर्षांवरच्या इमारतीची अशी तपासणी करून घेणं तसंही कायद्याने मालकावर आहे. इंजिनिअरकडून एवढं लेखी घ्या: बिघाड फक्त स्लॅबमध्ये आहे, की भिंती आणि पायापर्यंत गेलाय? फक्त स्लॅब असेल तर तेवढा भाग दुरुस्त होतो, फार तर तोडून नव्याने टाकता येतो. गच्चीवर दर गळतीला कोब्याचे थरावर थर चढवले असतील तर ते ओझंही त्याच स्लॅबवर आहे. जुने थर काढल्याशिवाय नवं वॉटरप्रूफिंग करू देऊ नका.

खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा गेल्यात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने पक्की बसवतात. पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय. तसं असेल, आणि इंजिनिअरने पाया खचतोय असं लिहून दिलं, तर मी यजमानांच्या बाजूची आहे. तिथे मन घट्ट करून पाडा.

पाया आणि भिंती धड असतील तर मी तुमच्या बाजूची. १९७१ च्या अशा भिंतींवर आणखी दोन मजले चढवायचा विचार कुणी करू नये, म्हणजे मजले हवेत तर पाडणं आलंच. आणि मजले हवेत कुणासाठी? तुमच्या चार पानी पत्रात मुलाचं एकही वाक्य नाही. त्याला फोन करा, दोघांनी मिळून, आणि सरळ विचारा: पाच-सात वर्षांत पुण्यात येऊन या घरात राहणार आहेस का? 'बघू' म्हणाला तर त्याला नाही समजा. 'बघू'वर कर्ज काढू नका. यजमानांना हे ऐकणं जड जाईल. मजल्याच्या निमित्ताने ते मुलाला परत बोलावतायत असं मला वाटतं, आणि त्यांचं हे दुःख तुम्ही ओळखलंत तर घरातला निम्मा ताण उतरेल.

सासूबाईंचं मला फार लागलं. तुम्ही लिहिता, १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात नारायण पेठेतलं त्यांचं बिऱ्हाड वाहून गेलं, दहा वर्षं त्या भाड्याच्या खोल्यांत राहिल्या, मग हे घर झालं. त्या बाईला ८१ व्या वर्षी पुन्हा भाड्याच्या घरात न्यायचं, तेही नव्या बांधकामाची दीड-दोन वर्षं! त्यांना 'पाडू का' असं विचारू नका. 'तुम्हाला कुठली खोली तशीच हवी?' असं विचारून पाहा. स्लॅबचं काम निम्मं घर रिकामं करून टप्प्याटप्प्याने होईल का, हेही इंजिनिअरला विचारा.

कागदपत्रांचं थोडक्यात. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं असेल, तर सासूबाई, यजमान आणि नणंद या तिघांचा सारखा हिस्सा आहे. नणंदेच्या सहीशिवाय नवा नकाशा महापालिकेत पुढे सरकणार नाही. तिला 'फक्त सही कर' म्हणून बोलावू नका, अहवाल आला की तोच तिच्यासमोर ठेवा. प्रॉपर्टी कार्डवर वारसनोंद मात्र आत्ताच करून घ्या, दुरुस्ती करा नाहीतर नवं बांधा. शिवाय नव्या नकाशाला आजच्या नियमांप्रमाणे बाजूची मोकळी जागा आणि पार्किंग सोडावं लागतं. तळमजल्याच्या खोल्या आहेत तेवढ्या राहतील, हे यजमानांनी गृहीत धरलंय का, ते आर्किटेक्टकडून कागदावर काढून बघा.

तोवर पाडण्याचा विषय जेवणाच्या ताटावर काढायचा नाही, एवढं दोघांत ठरवा. मुलाला फोन या रविवारीच करा.