खोडातलं बीळ आणि इतर चुका

प्रश्न: 'उदमांजर झाडाच्या बिळात झोपलेले आढळले' असं बातमीत वाचलं. बीळ बरोबर, की कोटर?

दोन्ही नको. बीळ जमिनीत असतं, उंदराचं किंवा सायाळीचं. दगडात कपार, खोडात ढोली. इतकं सोपं असून रोज कोणीतरी घोरपड 'बिळात' चढवतं.

'कोटर' संस्कृतात शोभतं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'निष्कुहः कोटरं वा ना' आहे, आणि शाकुंतलाच्या पहिल्या अंकात पोपटांच्या कोटरांतून सांडलेल्या देवभाताच्या दाण्यांवरून आश्रम ओळखू येतो. पण मराठी बातमीत ते उगाच सोवळं नेसून येतं.

आता खरी गंमत. ढोली म्हणजे लहान ढोल, असं माझं ठाम मत. नळ-नळी, टोपला-टोपली, तसंच ढोल-ढोली. 'खोली'शी यमक जुळतं म्हणून तिकडून ओढत आणणारे पंडित भेटतात. यमक ही कवींची सोय आहे, पुरावा नव्हे. 'ढोल'मध्ये पोकळपणाबरोबर फुगीरपणाही येतो. वाईच्या ढोल्या गणपतीचं नाव त्याच्या अवाढव्य अंगावरूनच पडलं. आणि झाडंही तेच करतात! फांदी मोडते, जखमेत पाणी मुरतं, बुरशी गाभा खाते. गाभ्याचं लाकूड मुळातच मेलेलं, पाणी वर चढतं ते बाहेरच्या थरातून, म्हणून पोकळ झाड हिरवं राहतं. कमकुवत भागाभोवती ते जादा लाकूड चढवतं आणि खोड तिथे फुगतं. कोयत्याची मूठ आपटून पाहा: भरीव खोड 'ठक्' करतं, पोकळ 'ढब्'. शब्दाचा कारखाना हाच, दुसरा शोधायची गरज नाही.

मात्र फेब्रुवारी ते मे या काळात आपटू नका, आत धनेश पक्ष्याची मादी असू शकते. धनेशाला ढोली कोरता येत नाही. ते काम सुतार आणि तांबट या पक्ष्यांचं. त्याला तयार आणि मोठी ढोली लागते, म्हणजे जुनं झाड लागतं. मादी आत शिरून विष्ठा, माती, फळांचा गर यांनी तोंड लिंपते आणि चोच मावेल एवढीच फट ठेवते. त्या फटीतून नर भरवतो. नर मेला तर आतल्यांचं कठीण. उदमांजर, उडती खार, पिंगळा, सातेरी मधमाश्या हेही ढोलीचेच भाडेकरू. ढोलीचं तोंड वर असेल तर पाऊस भरतो. आडवं किंवा फांदीच्या आडोशाला असेल तर कोरडी राहते, तिला मागणी जास्त.

'शेकरूची ढोली' हे आणखी एक. शेकरू उंच फांद्यांवर काटक्या-पानांचा मोठा गोळा रचतं, एकेकाचे असे अनेक असतात. त्याला घरटंच म्हणा.

आणि शहरात ढोलीत सिमेंट ओतण्याला 'वृक्षोपचार' म्हणतात, तोही शब्दाचा गैरवापरच. सिमेंटमागे ओल साठते. वाऱ्यात खोड लवतं, सिमेंटचा गोळा लवत नाही, आणि घासलेल्या कडेपासून नवी कुज सुरू होते.