टाइल्सआधी कोबा तपासा : गॅरेजच्या फरशीविषयी वाचकांचे प्रश्न

एकमेकींत अडकवून बसवायच्या टाइल्स, म्हणजेच इंटरलॉकिंग टाइल्स, घरच्या गॅरेजमध्ये बसवण्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आमच्या गॅरेजचा सिमेंटचा कोबा जुना आहे. त्याची भुकटी सुटते, दोन-तीन ठिकाणी चिरा आहेत आणि गाडी उभी राहते तिथे तेलाचे काळे डाग पडले आहेत. कोबा फोडण्याऐवजी त्यावरच इंटरलॉकिंग टाइल्स बसवल्या तर चालतील का? विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या कशावरही बसतात.

उत्तर : कशावरही बसतात हे खरे आहे, मात्र बसल्यावर त्या कशा वागतील हे खालचा कोबा ठरवतो. या टाइल्स चिकटवलेल्या नसतात, नुसत्या टेकलेल्या असतात. त्यामुळे भुकटी सुटणारा किंवा डागाळलेला पृष्ठभाग, जो रंगाच्या किंवा इपॉक्सीच्या थराला अजिबात चालत नाही, तो त्यांना चालतो. भुकटी झाडून काढावी आणि तेलाचे डाग डिटर्जंट व ताठ ब्रशने घासून धुवावेत. डाग पूर्ण गेला नाही तरी हरकत नाही, पण ओले तेल खाली राहू देऊ नये, कारण ते हळूहळू पसरते आणि मऊ टाइल असेल तर तिच्यात मुरते.

चिरांच्या बाबतीत भेद करावा लागेल. केसासारखी बारीक चीर विसरून जावी. चिरेच्या एका बाजूचा कोबा दुसऱ्या बाजूपेक्षा वर आला असेल किंवा चीर दरवर्षी रुंदावत असेल, तर तिथे जमीन खचते आहे. अशी चीर टाइल्सखाली झाकणे म्हणजे दुखणे अंथरुणाखाली ढकलणे होय. आधी एखाद्या जाणत्या गवंड्याला ती दाखवावी.

सर्वांत महत्त्वाची तपासणी ओलीची आहे, आणि नेमकी तीच बहुतेकांकडून राहून जाते. साधारण ४५ सें.मी. लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा कागद कोब्यावर पसरून त्याच्या चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि किमान १६ तास तो तसाच ठेवावा. ऊन थेट पडणारी जागा यासाठी घेऊ नये. कागद काढताना त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा कोबा भोवतालच्यापेक्षा काळपट झालेला दिसला, तर जमिनीतून ओल वर येते आहे असे समजावे. अशी चाचणी तीन-चार ठिकाणी, त्यांतली एक भिंतीलगत, करावी.

ओल निघाली म्हणून टाइल्स सुटून येणार नाहीत, कारण सुटायला त्या चिकटलेल्याच नाहीत. मात्र सपाट तळाच्या, छिद्रे नसलेल्या टाइल्सखाली ती ओल कोंडून राहते, कुबट वास येऊ लागतो आणि काही महिन्यांनी टाइल उचलली तर खाली बुरशी किंवा क्षारांची पांढरी पूड आढळते. ओल असलेल्या गॅरेजमध्ये खालून पायांसारखे उंचवटे असलेल्या आणि वरून जाळीदार टाइल्स घ्याव्यात, म्हणजे खाली हवा खेळत राहते. नवीन कोब्याविषयी एक सूचना येथेच देतो : सिमेंट काँक्रीटची ताकद मोजण्याची रूढ मुदत २८ दिवसांची आहे, परंतु ताकद येणे आणि आतील पाणी सुकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सुकण्याला त्याहून बराच जास्त काळ लागू शकतो, म्हणून दिवस न मोजता हीच कागदाची चाचणी करावी.

शेवटी समतलता. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी कोब्यावर वेगवेगळ्या दिशांनी आडवी ठेवून पाहावी. शटरकडे असलेला एकसारखा उतार त्रास देत नाही, उलट पाणी जाण्यासाठी तो हवाच. त्रास होतो तो मधल्या खोलगट जागांचा. पट्टीखाली चार-पाच मि.मी.हून जास्त फट दिसली, तर कडक टाइल तिथे पोकळ राहते आणि पाय पडला की टकटक वाजते. असे खड्डे दुरुस्तीच्या सिमेंटने भरून, ते वाळवून, मगच पुढे जावे.

प्रश्न : कडक प्लास्टिकच्या टाइल्स घ्याव्यात की मऊ पीव्हीसीच्या? गॅरेजमध्ये एक मोटार आणि एक दुचाकी असते आणि किरकोळ दुरुस्ती मी घरीच करतो.

उत्तर : तुमच्या वापराला कडक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या टाइल्स अधिक योग्य वाटतात. मऊ पीव्हीसी पायाला सुखद असते, आवाज करत नाही आणि थोडाफार ओबडधोबड कोबा सांभाळून घेते. गुडघे टेकून काम करणाऱ्याला तिचे मोल कळते. परंतु मोटारीच्या टायरशी तिचे पटत नाही. टायरचे रबर ऊन आणि हवेने तडकू नये म्हणून त्यात काही रसायने मिसळलेली असतात. तापलेले टायर तासन्‌तास एकाच जागी टेकले की ती रसायने मऊ पीव्हीसीत उतरतात आणि पिवळसर-तपकिरी डाग पडतो. हा डाग वरवरचा नसतो, त्यामुळे घासून जात नाही. मऊ टाइल्सच घ्यायच्या असतील तर काळ्या किंवा गडद करड्या रंगाच्या घ्याव्यात, निदान चाकांखालचे पट्टे तरी गडद ठेवावेत. रंगीत चौकटींची नक्षी निवडताना हे कोणी सांगत नाही.

कडक टाइलला चारी चाकांचे वजन जड जात नाही, कारण टायर ते वजन पसरवून देतो. तिची परीक्षा होते ती जॅकचे पाऊल आणि दुचाकीचे बाजूचे स्टँड टेकते तिथे. अंगठ्याएवढ्या जागेवर सगळा भार आला की टाइल खचते किंवा तडकते. जॅकखाली आणि स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

उष्णतेची काळजी मात्र घ्यावी लागेल. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, त्यामुळे वेल्डिंगची किंवा ग्राइंडरची ठिणगी तिच्यावर कायमचे भोक पाडते. असे काम फरशीवर पत्रा अंथरून किंवा गॅरेजबाहेर करावे. बॅटरीतील आम्लाची भीती टाइलला नाही. मोटारीच्या बॅटरीचे खोकेच बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असते. ते आम्ल फटीतून खाली उतरले तर कोबा मात्र खाते, तेव्हा सांडल्यास टाइल उचलून खालची जागाही धुवावी.

विक्रेता देतो तो माल खरोखर पॉलिप्रॉपिलीनचा आहे का, याचा अंदाज घेण्याची एक घरगुती रीत आहे. टाइलचा लहानसा तुकडा कापून, बोटांनी चोळून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढून, पाण्याच्या बादलीत सोडावा. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगते, पीव्हीसी बुडते. कडक टाइलचा तुकडा बुडाला तर तिच्यात खनिज पुडीचा भरणा बराच असण्याची शक्यता आहे. तेवढ्यावरून माल वाईट ठरत नाही, पण प्रश्न विचारायला आधार मिळतो.

प्रश्न : थंडीच्या दिवसांत मी स्वतः टाइल्स बसवल्या. भिंतीला भिंत लागून, कुठेही फट न ठेवता, अगदी सफाईने काम केले होते. उन्हाळा सुरू झाल्यावर मधल्या रांगा तंबूसारख्या वर उचलल्या गेल्या. टाइल्स सदोष आहेत का?

उत्तर : टाइल्सचा दोष नाही. तुमच्या सफाईनेच घात केला. माझ्याही हातून पहिल्या वेळी हीच चूक झाली होती, त्यामुळे तुमची निराशा मला ठाऊक आहे.

एक मीटर पॉलिप्रॉपिलीनचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की त्याची लांबी सुमारे ०.१ मि.मी.ने, कधी त्याहून थोडी अधिक, वाढते. आकडा क्षुल्लक दिसतो. आता सहा मीटर लांबीचे गॅरेज आणि थंडीतील पहाट ते उन्हाळ्यातील दुपार यांतला २५ अंशांचा फरक घ्या : ६ गुणिले २५ गुणिले ०.१, म्हणजे १५ मि.मी. खालचे काँक्रीट याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याने वाढते. म्हणजे कोबा जागच्या जागी राहतो आणि वरची फरशी दीड सें.मी. जास्त जागा मागते. टाइल्सच्या सांध्यांत थोडा खेळ असतो, तो यातला काही भाग पचवतो. उरलेल्या वाढीला भिंत वाट देत नाही, आणि मग जायला एकच दिशा उरते, ती वरची. गडद रंगाच्या टाइल्सवर शटरमधून थेट ऊन येत असेल तर त्या हवेपेक्षाही जास्त तापतात, म्हणून फुगवटा अनेकदा शटरजवळ आधी दिसतो.

उपाय सोपा आहे आणि टाइल्स बदलाव्या लागणार नाहीत. लांबीच्या एका आणि रुंदीच्या एका बाजूची भिंतीलगतची रांग सोडवून तिच्या टाइल्सची भिंतीकडील कड कापावी आणि ती पुन्हा बसवून संपूर्ण फरशी हलकेच सरकवावी, म्हणजे प्रत्येक भिंतीपाशी आठ ते दहा मि.मी. मोकळी जागा मिळेल. खांब, पाइप आणि दाराची चौकट यांच्याभोवतीही तेवढीच जागा हवी. ही फट उघडी दिसू नये म्हणून भिंतीला पट्टी लावता येते, पण ती भिंतीलाच ठोकावी, टाइलला नव्हे.

आणखी एक गोष्ट तपासा. समोरासमोरच्या दोन भिंतींना लागून जड कपाटे टाइल्सवर उभी केली असतील, तर फट ठेवूनही फरशी दोन्हीकडून दाबून धरली जाते आणि मध्येच फुगते. फार जड आणि कायमचे कपाट असेल तर त्याचे पाय थेट कोब्यावर घ्यावेत आणि टाइल्स त्याच्याभोवती फट ठेवून कापाव्यात. टाइलमधून आरपार बोल्ट मारून काहीही जमिनीला जखडू नये. पुढच्या वेळी टाइल्स खोक्यातून काढून एक दिवस गॅरेजमध्येच पसरून ठेवाव्यात आणि शक्य तर मध्यम तापमानाच्या दिवशी बसवाव्यात.

प्रश्न : टाइल्सची संख्या कशी काढावी आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर : क्षेत्रफळ भागून संख्या काढली की हमखास कमी पडते. गॅरेज ५.४ मीटर लांब आणि ३.३ मीटर रुंद आहे व टाइल ३०.५ सें.मी.ची आहे असे धरू. क्षेत्रफळाच्या हिशेबाने १९२ टाइल्स येतात. प्रत्यक्षात लांबीत १७.७ म्हणजे १८ आणि रुंदीत १०.८ म्हणजे ११ रांगा लागतात, आणि १८ गुणिले ११ म्हणजे १९८ टाइल्स होतात. कापून उरलेला तुकडा दुसरीकडे वापरू असा विचार कागदावर बरा दिसतो, पण त्या तुकड्याला हव्या त्या बाजूची अडकवण्याची कड असतेच असे नाही. मोजूनच, वर दहाएक टाइल्स सुट्या घ्याव्यात, कारण पुढे त्याच साच्याची आणि त्याच छटेची टाइल मिळण्याची खात्री नसते. खोक्यावरच्या मापावर विसंबू नये. दहा टाइल्स जोडून त्यांची एकत्र लांबी मोजावी आणि हिशेब त्या मापाने करावा.

सुरुवात शटरकडून करावी, कारण पाहणाऱ्याची नजर तिथेच पडते आणि तिथे पूर्ण टाइल शोभते. कापलेल्या टाइल्स मागच्या भिंतीला जाव्यात. मात्र भिंती काटकोनात आहेत असे गृहीत धरू नये. शटरला समांतर खडूची रेघ मारून तिच्यावर ३, ४ आणि ५ फुटांच्या त्रिकोणाने काटकोन काढावा आणि पहिल्या दोन रांगा त्या रेघांवर बसवाव्यात. भिंत वाकडी असेल तर ते वाकडेपण शेवटच्या कापात जिरते.

सुतारकामातील नर-मादी सांध्यासारखाच हा सांधा असतो. टाइलच्या दोन कडांना कड्या असतात आणि उरलेल्या दोन कडांखाली त्यांत बसणाऱ्या खुंट्या असतात. कड्यांची बाजू नेहमी अजून रिकाम्या असलेल्या जागेकडे ठेवावी, म्हणजे पुढची टाइल वरून दाबून बसवता येते. कोपऱ्यापासून सुरुवात करून रबरी हातोड्याने ठोकत यावे. लोखंडी हातोडा वापरल्यास कड्या तुटतात. कापण्यासाठी कडक टाइलला बारीक दात्यांची जिगसॉ आणि मऊ टाइलला धारदार कटर व सरळ पट्टी पुरते. जिगसॉचा वेग कमी ठेवावा, नाहीतर प्लास्टिक वितळून पात्यामागे पुन्हा चिकटते. चौकटीच्या वेड्यावाकड्या कोपऱ्यासाठी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून पाहावा.

प्रश्न : टाइल्स बसवल्यापासून शटर पूर्ण बंद होत नाही आणि गाडी धुतल्यावर खाली पाणी साचते. दोन्हींवर उपाय काय?

उत्तर : टाइल्स शटरच्या रेषेच्या बाहेर गेल्या असाव्यात. त्यांची कड आणि तिला जोडायची उतरती पट्टी शटरच्या आतच थांबवावी, म्हणजे शटरचे खालचे रबर पूर्वीप्रमाणे सरळ कोब्यावर टेकेल. जाळीदार टाइल्सवर ते टेकले तर शटर बंद होऊनही पाऊस आणि धूळ जाळीखालून आत येणारच.

पाणी साचत असेल तर दोष उताराचा आहे, आणि टाइल्स उतार बदलू शकत नाहीत. पाणी कोठे थांबते हे त्या जागेच्या चार टाइल्स काढून पाहावे आणि तो खड्डा भरून घ्यावा. जाळीदार टाइल्समधून माती आणि वाळलेली पाने खाली जातातच, तेव्हा वर्षातून एकदा काही रांगा उचलून खाली झाडावे व पाण्याचा झोत मारावा. पेट्रोल सांडल्यास मात्र वर्षाची वाट पाहू नये. लगेच शटर उघडावे, विजेचे कोणतेही बटण दाबू नये, आणि तेवढ्या टाइल्स उचलून खालची जागा कोरडी करून पूर्ण हवा लागल्यावरच त्या परत बसवाव्यात.