पिकासोच्या प्रिंट्स म्हणजे शेवटी कॉप्याच ना? मग त्यांचं प्रदर्शन मुद्दाम जाऊन का बघायचं?

कॉप्या नव्हेत. तयार पेंटिंगचा फोटो काढून छापलेलं पोस्टर, ती कॉपी. पिकासोच्या मुद्राचित्रांमागे, म्हणजे या प्रिंट्समागे, असं वेगळं मूळ चित्र नसतंच. तो थेट धातूच्या पत्र्यावर, लिथोच्या दगडावर (तेलकट शाईने चित्र काढून छापायचा गुळगुळीत दगड) नाहीतर लिनोलियमवर (जमिनीवर अंथरतात तो मऊ, कोरता येणारा जाड थर) काम करायचा आणि त्यावरून कागदावर उठलेला ठसा हेच चित्र. अशी दोन हजारांहून जास्त चित्रं त्याने केली.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात त्यांचं प्रदर्शन होतं, ते मी पाहिलं. माझा पाय निघेना तो १९०४ च्या 'द फ्रुगल रिपास्ट' (तुटपुंजं जेवण) या चित्रासमोरून. हडकुळं जोडपं, समोर रिकामी थाळी, त्याची लांबलचक बोटं तिच्या खांद्यावर. तेव्हा पिकासो कफल्लक होता, म्हणून त्याने मित्राचा वापरलेला जस्ताचा पत्रा घासून घेतला. उजवीकडे वर नीट पाहा, आधीच्या निसर्गचित्रातलं गवत अजून पुसट दिसतं! पुढे १९१३ मध्ये व्होलार या चित्रव्यापाऱ्याने पत्रा झिजू नये म्हणून त्यावर पोलादाचा मुलामा देऊन २५० प्रती काढल्या. त्याआधीचे मोजके ठसे मात्र जास्त भरदार आहेत आणि लिलावात भाव त्यांनाच. सगळ्या प्रती सारख्या असत्या तर हा फरक पडलाच नसता.

१९६२ च्या दिव्याखालच्या सफरचंदांचा लिनोकट (लिनोलियमच्या ठोकळ्यावर कोरून छापलेलं चित्र) तर आवर्जून बघा. सहसा प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा करतात. पिकासोने एकच ठोकळा घेतला. थोडं कोरायचं, फिका रंग सगळ्या प्रतींवर छापायचा, मग तोच ठोकळा आणखी कोरून पुढचा गडद रंग. एकदा कोरलेलं परत भरता येत नाही, त्यामुळे शेवटचा रंग छापेपर्यंत आधीचे टप्पे कायमचे गेलेले असतात. वयाच्या ऐंशीत एवढी जोखीम घेणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. म्युझियमकडे याचे टप्प्याटप्प्याचे ठसेही आहेत. ते ओळीने पाहिले की उजेड कसा वाढत गेला ते कळतं.

कागद उजेडाने खराब होतो म्हणून ही चित्रं कायम भिंतीवर नसतात. पण लंडनला जाणार असाल तर म्युझियमच्या प्रिंट्स अँड ड्रॉइंग्ज विभागाच्या स्टडी रूमची आधी वेळ घ्या. तिथे चित्रं मागवून टेबलावर अगदी जवळून पाहता येतात.