पुण्याजवळचे मातीचे सायकल-रस्ते: रस्ता कशासाठी झाला ते आधी बघा

तुमचा प्रश्न मी असा वाचला: नवरा-बायको दोघं, दोन नव्या ग्रॅव्हल (माती-खडीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या) सायकली, ४० मिलिमीटरचे टायर, राहायला पुण्यात. डोंगरात फिरायचंय, पण मागून हॉर्न वाजवत येणारी गाडी एकही नको. नकाशावर मातीचा रस्ता दिसतो, प्रत्यक्षात जावं तर काँक्रीट झालेलं असतं, नाहीतर वाट कुणाच्या तरी ज्वारीत संपते.

दोन-तीन वर्षं माझंही असंच चाललं होतं. दुसऱ्यांनी इंटरनेटवर टाकलेले जीपीएस ट्रॅक उतरवून घ्यायचे आणि अर्ध्यातून परत यायचं. मग हळूहळू लक्षात आलं की आपल्या सह्याद्रीत सायकलसाठी म्हणून कुणी रस्ता केलेलाच नाही. प्रत्येक मातीचा रस्ता कुठल्या तरी कामासाठी झालाय. पवनचक्कीचं पातं वर चढवायला, कालव्याची देखरेख करायला, शेतातला ऊस बाहेर काढायला, धरणात गाव गेल्यावर वर सरकलेल्या वाडीला बाजारापर्यंत आणायला. ते काम कळलं की चढ किती असेल, खाली मुरूम असेल की सुटी खडी, रस्ता पुढे निघेल की बंद होईल, याचा बराचसा अंदाज घरी बसून येतो.

सगळ्यात आवडतं उदाहरण आधी सांगतो. साताऱ्याहून बोगद्यातून बाहेर पडलं की डबेवाडी, गजवडी, सज्जनगड फाटा, मग बोरणे घाट चढून ठोसेघर. इथपर्यंत साधारण २५ किलोमीटर डांबरी आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्याची गर्दी असते, म्हणून हा टप्पा पहाटे उरकायचा किंवा सायकली गाडीतून वर न्यायच्या. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी येते आणि तिथून दक्षिणेला पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याकडे सडा पसरत जातो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्यावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक पवनचक्कीपर्यंत रस्ता आहे.

हे रस्ते सायकलला इतके का मानवतात? लांबलचक पातं घेऊन येणारा ट्रेलर अरुंद वळणावर वळत नाही आणि क्रेनला खडा चढ चालत नाही. म्हणून वळणं मोठी, रुंदी भरपूर, चढ सौम्य. वर जांभ्याचा मुरूम दाबलेला. पाऊस थांबून आठवडा झाला की तो घट्ट बसतो आणि चाक छान धरतो. दिवसभरात देखभालीच्या जीपा आणि आसपासच्या वाड्यांच्या मोटारसायकली, एवढीच काय ती वर्दळ. नोव्हेंबरच्या एका मंगळवारी सकाळी सात ते अकरा या वेळात मला तिथे एकच जीप दिसली. बाकी पात्यांचा घुमणारा आवाज आणि चंडोल.

मात्र या रस्त्यांची एक खोड आहे. एक मुख्य रस्ता सड्याच्या कण्यावरून जातो आणि त्याला दोन्ही बाजूंना फांद्या फुटतात. प्रत्येक फांदी एका पवनचक्कीच्या पायथ्याशी संपते. सॅटेलाइट दृश्यात सगळ्या सारख्याच लाल दिसतात. फाट्यावर उतरून चाकोऱ्या बघा: जास्त झिजलेला, मधे गवत नसलेला रस्ता पुढे जाणारा. धुक्यात मात्र हे काही उपयोगी पडत नाही. एकदा सप्टेंबरमध्ये मी फांदीलाच मुख्य रस्ता समजून पुढे गेलो, खडी संपली, गवत लागलं, तरी रेटत राहिलो. धुकं क्षणभर विरळ झालं तेव्हा सड्याची कड पन्नासेक पावलांवर होती. तेव्हापासून दृष्टी पन्नास मीटरच्या आत आली की मी सायकल आडवी ठेवतो आणि बसून राहतो. तुम्हीही तसंच करा.

आणि कृपा करून रस्ता सोडून सड्यावर चाक घालू नका. ते पठार ओसाड दिसतं, पण कातळावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसात त्या उथळ डबक्यांमध्ये वायतुरा उगवतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. एका सायकलची चाकोरी पडली की पुढच्या पावसात पाणी तिथूनच वाहतं आणि माती घेऊन जातं. पश्चिमेकडचं जंगल कोयना अभयारण्याचं, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं. वनखात्याची पाटी किंवा तपासणी नाका आला की तिथूनच मागे. तिकडे गवे आहेत. ऊन उतरायच्या आत डांबरावर परत या.

कास पठाराबद्दलही तुम्ही विचारलंय. तिथे सायकल नेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला त्यात कास आहे. पठारावरच्या वाटा पायी चालण्याच्या आहेत, आणि फुलांच्या दिवसांत डांबरी रस्त्यावर गाड्यांची रांग असते. तुम्हाला जे हवंय त्याच्या बरोबर उलट.

तुमच्या पत्नीला चढाची सवय नाही म्हणालात. मग सुरुवात कालव्यापासून करा. वाईजवळच्या धोम धरणाचे कालवे डोंगराच्या कडेकडेनं जातात, आणि कालव्याच्या भरावावर देखरेखीचा रस्ता असतो. लोक त्याला ‘कॅनॉलचा रस्ता’ म्हणतात. पाणी आपल्या उतारानं वाहिलं पाहिजे म्हणून कालवा किलोमीटरमागे जेमतेम वीतभर उतरतो. म्हणजे दोन्हीकडे डोंगर बघत जवळजवळ सपाटीवर चालवत राहायचं. वाईहून कोरेगावच्या दिशेनं जाणारा डावा कालवा मला जास्त आवडतो. सकाळी निघण्याआधी मेणवलीचा घाट बघून घ्या, वाटेवर नसला तरी जवळच आहे.

कालव्याला दोन गोष्टी सांभाळा. जिथे कालवा ओढा ओलांडतो तिथे जलसेतू असतो किंवा पाणी ओढ्याखालून काढलेलं असतं. तिथे भरावावरचा रस्ता तुटतो. मुकाट्यानं गावात उतरायचं, पूल शोधायचा, पलीकडे परत चढायचं. जलसेतूच्या कठड्यावरून सायकल उचलून नेणारे मी बघितलेत. कधीही करू नका. दुसरं म्हणजे काँक्रीटचं अस्तर असलेल्या कालव्यात पडलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही. उतार गुळगुळीत, त्यावर शेवाळ. आवर्तन चालू असेल, म्हणजे पाणी सोडलेलं असेल, तर दोघांनी शेजारी-शेजारी न चालवता मागे-पुढे आणि पाण्यापासून लांबच्या चाकोरीतून जा.

पुण्यातून अर्ध्या दिवसाचं काही हवं असेल तर आंदर मावळ. लोणावळा लोकलनं कान्हे स्टेशनला उतरा, टाकवे, वडेश्वर करत खांडीकडे निघा. ठोकळवाडी धरणाचं पाणी बराच वेळ सोबत राहतं. या खोऱ्यातल्या पाण्यावर भिवपुरीचं वीजकेंद्र १९२२ पासून चालतंय, म्हणजे पाण्याच्या काठच्या वाड्या आणि त्यांच्या वाटा शंभर वर्षांच्या आहेत. टाकव्यापर्यंत कारखान्यांमुळे वर्दळ आहे. पुढे रस्ता अरुंद होतो, नंतर फुटकं डांबर आणि मग माती. कुसूर पठारावर जाऊन परत फिरा. कुसूर घाट पायवाटेचा आहे, सायकलनं उतरण्याचा नाही.

पाणंदींबद्दल, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गावच्या वाटांबद्दल, थोडक्यात. गावनकाशात गाडीमार्ग आणि पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात, पण कागदावरची पाणंद जमिनीवर शिल्लक असेलच असं नाही. जी आहे तिच्यावर चारचाकी सहसा येत नाही, बैल आणि माणसं असतात. बैल समोरून आला तर उतरून सायकल बैलापासून लांबच्या बाजूला धरून उभं राहा. घंटी वाजवू नका. आणि काळी माती असलेली पाणंद पावसानंतर चार दिवस तरी टाळा. चाक आणि ते धरणारा चिमटा यांच्यामध्ये माती अशी भरते की सायकल खांद्यावर घेतल्यावरही तिचं वजन दुप्पट लागतं.

टायर ४० चे चालतील, पण ट्यूबलेस करून घ्या, म्हणजे आत ट्यूबऐवजी भोक बुजवणारं पातळ सीलंट. कालव्याकाठी बाभळीचे काटे इतके असतात की ट्यूब बदलण्यातच दिवस जातो. साधारण ७० किलोच्या माणसानं पुढे ३५, मागे ३८ पीएसआयपासून सुरू करावं आणि दात हादरणार नाहीत इतकं हळूहळू कमी करत जावं. जांभ्याचा धारदार कडा टायरची बगल चिरतो आणि ती चीर सीलंटनं बुजत नाही. चाळकेवाडीला माझी तशी चीर पडली तेव्हा आतून लावायला काहीच नव्हतं, आठ किलोमीटर चालत ठोसेघरला आलो. आता जुन्या टायरचा चार बोटं लांब तुकडा कायम खोगिराखालच्या पिशवीत असतो. सड्यावर पाणी मिळत नाही असं धरून माणशी तीन लिटर न्या. धनगरांची कुत्री धावून आली तर उतरा, सायकल मधे ठेवा आणि धनगराला हाक मारा. तो बोलावतो, ती परत जातात.

सड्यासाठी ऑक्टोबरचा शेवट ते जानेवारी हा काळ चांगला. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवताला वणवे लागतात. कालव्याचं गणित वेगळं. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर त्याच भरावावरून येतात आणि मग तो रस्ता गाड्यांविना राहत नाही. म्हणून पाऊस ओसरल्यापासून कारखान्यांचं गाळप सुरू होईपर्यंतचे जे तीन-चार आठवडे मिळतात, ते वाईसाठी राखून ठेवा, आणि सडा त्यानंतर.