आराखड्याआधी मातीचा खड्डा

अनेक आशीर्वाद.

पुण्यातल्या ओढ्याकाठच्या एका आवाराचं काम तुझ्याकडे आलंय आणि कुठल्या सॉफ्टवेअरने सुरुवात करू, असं तू विचारलंस. नकाशे आणि उतारांना क्यूजीआयएस, पावसाचं पाणी कसं वाहील याच्या गणिताला एसडब्ल्यूएमएम (पुढे त्याला ‘स्वम’ म्हणतो) आणि उन्हाच्या अभ्यासाला एन्व्ही-मेट, एवढ्यात तुझं भागेल. पहिली दोन फुकट मिळतात. काळजी एकाच गोष्टीची घे. यातला जवळजवळ प्रत्येक रकाना आधीच भरलेला असतो, आणि ते आकडे तुझ्या मातीचेही नसतात, तुझ्या पावसाचेही नसतात.

क्यूजीआयएसमध्ये आधी प्रक्षेपण बघ, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कुठल्या पद्धतीने उतरवली आहे ते. पुण्याला यूटीएम झोन ४३ उत्तर, म्हणजे यादीतला ईपीएसजी क्रमांक ३२६४३. उद्या नागपूरचं काम आलं तर ३२६४४. नकाशा अक्षांश-रेखांशातच राहिला तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये धरली जाते, आणि सपाट मैदानाचा उतारही कड्यासारखा दिसतो. उपग्रहावरून केलेलं ३० मीटरचं मोफत उंचीचं प्रारूप ओढ्याचं पाणलोट आखायला चालतं, पण आवारातल्या उतारांना अजिबात नाही. त्याचा एक चौकोन ९०० चौरस मीटरचा असतो, आणि त्यात गच्च्या व झाडांचे शेंडेही जमिनीत मिसळलेले असतात. आवाराचा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) सर्व्हे करून घे आणि २५ सेंटिमीटरच्या फरकाने काढलेले कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, माग. ड्रोन उडवायचा तर मे महिन्यात. ऑक्टोबरात उडवलास तर कमरेएवढ्या गवताचा माथा जमीन म्हणून येईल.

पाण्याच्या वाटा काढताना क्यूजीआयएसमधलं ‘फिल सिंक्स’ हे साधन प्रारूपातल्या खोलगट जागा बुजवतं. त्यात आवारातली जुनी दगडखाणही बुजते, जी खरं तर तुझी सगळ्यात मोठी साठवण असू शकते. उलट रस्त्याखालची मोरी त्याला दिसत नाही. रस्त्याच्या भरावाला ते बांध समजतं आणि पाणी भलतीकडे वळवतं. प्रत्येक मोरी पायी जाऊन शोध, तळाची उंची मोज आणि प्रारूपात तेवढी खाच पाड. मोरी अर्धी गाळाने भरलेली असेल तर गणितातही अर्धीच धर.

आता पाऊस. हवामान खात्याचा रोजचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो, पण तुझ्या आवारातलं पाणी अर्ध्या तासात ओढ्याला लागतं. पंधरा मिनिटांच्या नोंदी मिळाल्या तर त्याच घे. नाहीच मिळाल्या तर एक-तृतीयांशाचा नियम लाव: कालावधीच्या तासांना २४ ने भागून घनमूळ काढ आणि दिवसाच्या पावसाने गुण. दिवसाला १२० मिमी असेल तर अर्ध्या तासात ३३ मिमी, म्हणजे ताशी ६६ मिमीचा जोर. एक हेक्टर फरसबंदीवरून, ०.८५ गुणांक धरला तर (म्हणजे पडलेल्या पावसातला ८५ टक्के वाहून जातो असं मानलं तर), सेकंदाला सुमारे १५६ लिटर पाणी निघतं. वळवाचा पाऊस या नियमापेक्षा जोरात कोसळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याला अचानक आलेल्या पुराने काय केलं ते तुला ठाऊक आहे. म्हणून याच्या दीडपट जोराच्या पावसाची एक फेरी स्वममध्ये चालवून बघ आणि जास्तीचं पाणी कुठून वाहून जाईल ते आराखड्यावर दाखव.

मातीपाशी मात्र थांब. कर्व्ह नंबर म्हणजे पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते सांगणारा आकडा; तो जितका मोठा तितकं जास्त वाहतं. या पद्धतीत मातीचे ए (सगळ्यात जास्त मुरवणारी) ते डी (सगळ्यात कमी) असे चार गट आहेत. चांगली हिरवळ ए गटात धरली तर नंबर ३९, डी गटात ८०. आपली काळी माती डी गटातली. १०० मिमी पावसात ३९ ने जेमतेम १ मिमी पाणी वाहतं, ८० ने ५० मिमी. एक अक्षर चुकलं की निम्मा पाऊस कागदावरून गायब होतो.

म्हणून जागेवर खड्डा घे: ३० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. काळी माती मे महिन्यात भेगाळलेली असते. त्या भेगांतून पाणी भसाभस जातं आणि माती फार मुरवते असं वाटतं. माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी धरून बसते. खड्डा आदल्या दिवशी भरून ठेव, रात्रभर भिजू दे, सकाळी पुन्हा भर आणि दर अर्ध्या तासाने पट्टीवर पातळी मोज. आकडा स्थिरावला की तोच स्वममध्ये टाक.

समज, १,००० चौरस मीटरच्या पार्किंगवरचा पहिला २५ मिमी पाऊस अडवायचा आहे. गुणांक ०.९ धरला तर २२.५ घनमीटर पाणी. २० सेंटिमीटर खोल पाणी साठवणारी पर्जन्यबाग, म्हणजे पावसाचं पाणी साठवून मुरवणारा झाडांचा खोलगट वाफा, केलीस तर सुमारे ११३ चौरस मीटर जागा लागेल. ताशी ५ मिमी मुरत असेल तर ती ४० तासांत रिकामी होते, २ मिमी असेल तर १०० तास लागतात. एवढा वेळ पाणी साचलं तर मुळं कुजतात आणि डासांची सोय होते. तिथे तळाशी खडीचा थर आणि सच्छिद्र पाइप द्यावाच लागतो. झाडांत वाळा लाव. तो पाण्यात उभा राहतो आणि पावसाळ्यानंतरचे कोरडे महिनेही काढतो.

स्वममध्ये प्रवाहाचं एकक सुरुवातीलाच सीएफएसवरून (सेकंदाला घनफूट) एलपीएस (सेकंदाला लिटर) कर. अर्धे आकडे भरल्यावर बदललंस तर जुने आकडे आपोआप मेट्रिकमध्ये येत नाहीत. रूटिंग, म्हणजे पाइपांतून पाणी कसं पुढे जातं ते काढायची पद्धत, ‘डायनॅमिक वेव्ह’ ठेव, कारण ओढा भरला की पाणी पाइपातून उलटं आत येतं आणि ‘किनेमॅटिक वेव्ह’ला ते दिसत नाही.

उन्हाचं थोडक्यात सांगतो. पुण्यात १३ मेच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, मग जुलैअखेरपर्यंत भर दुपारी तो उत्तरेला असतो. त्यामुळे बाराच्या सावल्यांचा नकाशा काढून काही हाती लागत नाही, दुपारी चारचा काढ. पळस, पांगारा, काटेसावर ऐन तापत्या दिवसांत निष्पर्ण असतात, तेव्हा प्रारूपात त्यांना एप्रिलमध्ये भरगच्च पानं देऊ नकोस. बसायच्या जागेच्या पश्चिमेला करंज आणि जांभूळ धर. एन्व्ही-मेटमध्ये झाडांच्या दोन फेऱ्या चालव: एक लावणीच्या वेळच्या तीन मीटर उंचीची, एक पूर्ण वाढीची. मालकाला दोन्ही चित्रं दाखव.

पर्जन्यबागेत लाल-पांढऱ्या खुणांची एक पट्टी उभी करून ठेव. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी किती तासांत उतरलं ते लिहून घे, स्वममधला मुरण्याचा आकडा त्याप्रमाणे बदल आणि दोन्ही फाइली मला पाठव.