विमा असतोच, मग कंपनीचं जातं काय?

प्रश्न : विमान कोसळलं की 'कंपनीचं कोट्यवधींचं नुकसान' अशा बातम्या येतात. पण विमानाचाही विमा असतो आणि प्रवाशांच्या भरपाईचाही. मग कंपनीच्या खिशातून नेमकं जातं काय? आणि एखादी कंपनी एका अपघातात संपते, दुसरी तरते, हे कसं?

उत्तर : मी एकोणतीस वर्षं विमान विम्याचे दावे हाताळले. या सगळ्या व्यवहारात विमानाचे पैसे हा सर्वांत सोपा भाग असतो. पॉलिसी घेतानाच विमानाची किंमत ठरवून लिहिलेली असते. विमान पूर्ण गेलं की तेवढी रक्कम द्यायची, त्यात घासाघीस नाही. जोखीमही एकट्याच्या डोक्यावर नसते. ती अनेक विमा कंपन्यांत आणि त्यांचाही विमा उतरवणाऱ्या पुनर्विमा कंपन्यांत वाटलेली असते. पुष्कळदा चौकशीचा अहवाल यायच्या कितीतरी आधी हा हिशेब मिटतो. मात्र तो पैसा हवाई कंपनीच्या हाती पडेलच असं नाही. जगातली निम्म्याच्या आसपास विमानं भाड्याची आहेत, आणि अशा विमानाची रक्कम त्याच्या मालकाकडे जाते. हवाई कंपनीला उद्याच्या फेऱ्यांसाठी दुसरं विमान शोधायचं असतं, तेही अडलेल्या माणसाला मिळेल त्या दरानं.

प्रवाशांच्या बाबतीत 1999 चा माँट्रियल करार लागू होतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली, तर दर प्रवाशामागे 1,51,880 एसडीआरपर्यंत 'आमची चूक नव्हती' असं म्हणून कंपनीला सुटता येत नाही. ही मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासूनची आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं, पाच चलनांवर बेतलेलं हिशेबाचं एकक. बरेच लोक याला भरपाईची कमाल मर्यादा समजतात, पण तसं नाही. त्यावरच्या रकमेसाठी आपला निष्काळजीपणा नव्हता, किंवा दोष सर्वस्वी तिसऱ्याचाच होता, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही तर वर मर्यादाच नाही. तरी हेही बहुतांशी विमाच भरतो.

खिशातून जातं ते पुढे. बुकिंग रद्द होतात. ताफ्यातली तशीच इतर विमानं तपासणीसाठी एकेक करून खाली बसवावी लागतात. वैमानिकांचं फेरप्रशिक्षण, नियामकाची जास्तीची तपासणी, वकिलांची फी हे खर्च आहेतच, आणि नूतनीकरणाच्या वेळी हप्ता चढतो. या अनिश्चिततेला मुदतही नसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल 30 दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो वर्षभरात अपेक्षित असतो, पण तो पुष्कळदा लांबतो. तोवर कंपनीच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह तसंच राहतं.

नावाच्या नुकसानाचा विमा उतरवून भागत नाही. पॅन अ‍ॅम या अमेरिकी हवाई कंपनीचं पाहा. 21 डिसेंबर 1988 ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर तिचं विमान बॉम्बनं फुटलं, जमिनीवरच्या 11 जणांसह 270 माणसं गेली. गुन्हा बॉम्ब ठेवणाऱ्यांचा, पण सामानाच्या तपासणीतल्या ढिलाईबद्दल पुढे अमेरिकी ज्युरीनं कंपनीला जबाबदार धरलं. तोवर कंपनी उरलेलीच नव्हती, डिसेंबर 1991 मध्ये तिची उड्डाणं कायमची थांबली होती. अर्थात तिची पॅसिफिकवरची मार्गसेवा 1985 मध्येच विकावी लागली होती. माझ्या पाहण्यात अपघातानं संपणाऱ्या कंपन्या बहुधा आधीच अशक्त असतात.

व्हॅल्यूजेट या अमेरिकी हवाई कंपनीची गोष्ट वेगळी. मे 1996 मध्ये तिचं विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळून 110 जण गेले. मालाच्या कप्प्यातल्या ऑक्सिजन जनरेटरनी आग लागली होती. ते सुरक्षेची टोपणं न लावता पाठवले होते देखभाल करणाऱ्या कंत्राटदारानं. पण लोकांच्या ओठांवर नाव राहिलं व्हॅल्यूजेटचंच. पुढच्याच वर्षी कंपनीनं एअरट्रान ही दुसरी हवाई कंपनी आपल्यात विलीन करून तिचं नाव घेतलं. ज्या नावावर तिकीट खपत नाही त्याची किंमत शून्य, आणि ती कोणताही विमा भरून देत नाही.

तरण्याचं उदाहरण ब्रिटिश मिडलंडचं. जानेवारी 1989 मध्ये इंग्लंडमधल्या केगवर्थला तिचं विमान पडलं, 47 जण गेले. वैमानिकांनी बिघडलेलं इंजिन राहू देऊन चांगलं बंद केलं होतं, म्हणजे चूक घरचीच. पण अध्यक्ष मायकेल बिशप घटनास्थळी जाताना गाडीतूनच बोलले, कारण कळायच्या आधी बोलले, लपले नाहीत. कंपनी पुढे वीसेक वर्षं चालली. याउलट 2013 मध्ये बँकॉकला थाई एअरवेजचं विमान धावपट्टीवरून घसरलं, तेव्हा शेपटीवरचं चिन्ह काळ्या रंगानं पुसलं गेलं. माणसं हादरलेली, काही जखमी, आणि शिडी लावून रंग मारणं चाललेलं. ते छायाचित्र जगभर गेलं आणि आजही निघतं.

विमान बनवणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते. बोइंगच्या 737 मॅक्स विमानांच्या दोन अपघातांत 346 माणसं गेली. अमेरिकेत ती विमानं वीस महिने जमिनीवर होती. जानेवारी 2021 मध्ये बोइंगनं अमेरिकी सरकारशी अडीच अब्ज डॉलरचा समझोता केला. त्यात हवाई कंपन्यांना 1.77 अब्ज आणि मृतांच्या वारसांना 50 कोटी. वारसांच्या दाव्यांची रक्कम याहून निराळी हे मला माहीत आहे. तरी हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

प्रश्न : अपघातानंतर कंपनी तातडीची रक्कम देते. ती घेतली तर पुढचा हक्क जातो का?

उत्तर : नाही. माँट्रियल कराराचं 28 वं कलम हेच सांगतं. देशाच्या कायद्यात तरतूद असेल तर कंपनीनं वारसांच्या तातडीच्या गरजेसाठी उचल द्यायची. तिनं कंपनीची जबाबदारी कबूल होत नाही आणि वारसांचा दावाही बुडत नाही. पुढच्या भरपाईतून तेवढी वळती होऊ शकते, एवढंच.

हे मी जोर देऊन सांगतो, त्याला कारण आहे. एका दाव्याच्या वेळी एक वडील मुलाच्या शैक्षणिक कर्जाचं पासबुक घेऊन माझ्या टेबलाशी आले. पाच तारखेला हप्ता होता. त्यांनी विचारलं, "तो मी भरायचा का?" कंपनीच्या माणसानं त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले होते, एक उचलीची पावती आणि दुसरं 'फुल अँड फायनल' लिहिलेलं डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे आता आणखी काही मागणार नाही असं लिहून देणारा कागद. दोन्हीवर सहीची जागा पेन्सिलीनं फुली मारून दाखवलेली. ते सगळीकडे सही करायला तयार होते. मी दुसरा कागद काढून घेतला. त्यावरून माझ्या वरिष्ठांशी माझं वाजलं, आणि आजही मला वाटतं की मी केलं ते बरोबरच होतं.

तेव्हा उचल जरूर घ्या. पावतीवर 'अंतरिम रक्कम' असे शब्द आहेत का ते पाहा. 'पूर्ण व अंतिम' असं काही दिसलं तर तो कागद घरी घेऊन जा, वकिलाला दाखवा. दावा करायला, विमान पोचलं किंवा पोचायला हवं होतं त्या दिवसापासून, दोन वर्षं असतात. त्याच आठवड्यात सही करायची सक्ती तुमच्यावर कोणीही करू शकत नाही.