फळ्यावर कोणती चिन्हं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

युरोपात चिनी शिकवायला निघालीस आणि विचारतेस, फळ्यावर चिनी लिपीची सोपी, कमी रेघांची चिन्हं लिहू की पारंपरिक? सोपी चिन्हं चीनने १९५६ पासून सरकारी केली, पुढे सिंगापूरनेही घेतली. तैवान, हाँगकाँगने जुनी ठेवली. म्हणून खडू हातात घेतलास की तू कुणाच्या बाजूची, हे लोक ठरवून मोकळे होतात.

कुणीतरी सांगेलच, की कम्युनिस्टांनी लिपीचा जीव घेतला. 'ऐकणे'चं जुनं चिन्ह काढून दाखवेल: डावीकडे कान, उजवीकडे तळाशी हृदय. नव्यात दोन्ही गेले, डावीकडे तोंड आलं. पोरं हळहळतात. मीही हळहळले होते. पण त्याच तासाला 'ढग' लिही. त्याचं सोपं चिन्ह चार रेघांचं, आणि मूळचं तेच. डोक्यावरचा पाऊस मागाहून चढला. यातलं एकच दाखवून थांबलीस तर तो प्रचार झाला. माझ्या वर्गात नियम एकच: लिहायला एक लिपी, वाचायला दोन्ही.

पैसा कुठून येतो ते मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. चीन सरकारच्या आधाराने परदेशात चिनी शिकवणारी पहिली कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट २००४ साली दक्षिण कोरियात, सोलमध्ये निघाली. पुढे जगभर तोच साचा: जागा विद्यापीठाची, शिक्षक, पुस्तकं आणि बराचसा पैसा चीनचा. २०१४ साली पोर्तुगालमधल्या ब्रागाला चीनच्या अभ्यासकांची युरोपीय परिषद भरली. तेव्हा या संस्था चालवणाऱ्या हानबान या चिनी सरकारी कार्यालयाच्या त्या वेळच्या प्रमुख शू लिन यांच्या हुकमावरून छापील पुस्तिकेतली पानं फाडली गेली. त्यांवर तैवानच्या एका प्रतिष्ठानचं नाव होतं, एवढंच; तैवानला चीन आपलाच भाग मानतो. विद्वानांच्या परिषदेत पानं फाडली जातात, तर तुझ्या वर्गातल्या नकाशाचं काय होईल?

आपल्याकडचं दुखणं वेगळं. शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परदेशी भाषांमध्ये चिनी होती. २०२० च्या अंतिम धोरणातल्या यादीत ती नाही. हे मला अजून पटलेलं नाही. ज्याच्याशी सीमेवर भिडायचं, त्याचं बोलणं आपण दुभाष्यांवर सोडणार?

तैवानचा पैसा असला तरी करार तितकाच बारकाईने वाच. वर्गात अमुक विषय काढायचा नाही, अशी एक ओळ जरी दिसली तरी सही करू नकोस. पोरं तिआनानमेन चौकातल्या १९८९ च्या हत्याकांडाबद्दल विचारतील, तैवानबद्दल विचारतील. उत्तर देता येत नसेल तर चिन्हं कितीही सुंदर काढलीस तरी ती तुला मानणार नाहीत.

करार आला की आधी मला पाठव. ओळ न् ओळ वाचून कळवते.

तुझ्या
बाई